रकाना आणि समास : कागदी अर्ज ऑनलाइन आणताना

पुरस्कर्ता : कागदी अर्ज ऑनलाइन कसा आणावा, ही चर्चा कार्यालयात बहुधा अर्जाच्या दिसण्यापासून सुरू होते आणि निवड तेथेच चुकते. नियमांच्या परिशिष्टात छापलेला विहित नमुना पडद्यावर जसाच्या तसा उमटावा अशी अपेक्षा असते. म्हणून कोठे कोऱ्या नमुन्याचे छायाचित्र संकेतस्थळावर ठेवले जाते, जे उतरवून घ्यायचे, छापायचे, हाताने भरायचे आणि पुन्हा स्कॅन करून चढवायचे असते. कोठे भरता येण्याजोगी पीडीएफ तयार करून घेतली जाते, म्हणजे अशी फाइल जिच्या रकान्यांत संगणकावरच मजकूर लिहिता येतो. पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला तो दस्तऐवज कोणत्याही यंत्रावर सारखाच दिसावा या हेतूने, आणि ते काम तो आजही चोख करतो. अर्जाचे प्रयोजन मात्र माहिती घेणे हे आहे. स्कॅन केलेल्या अर्जातील उत्पन्नाचा आकडा यंत्राच्या लेखी आकडा नसतो, ते काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चित्र असते; तो कुणीतरी वाचून पुन्हा टंकित करावा लागतो, आणि मग ऑनलाइन आलेला अर्ज कार्यालयात पोचताच पुन्हा कागदी होतो. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या वेब अर्जात प्रत्येक रकान्याला स्वतःचे नाव असते आणि त्यातील उत्तर थेट नोंदींच्या संचात जाऊन बसते. शिवाय ए-४ आकाराचे पान मोबाइलच्या पडद्यावर वाचायचे तर ते सतत मोठे करून सरकवत राहावे लागते. वेब अर्ज पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलतो, आणि महाराष्ट्रातील बहुतेक घरांत संगणक नाही, मोबाइल आहे.

साशंक : दिसण्याला इतके गौण ठरवता येणार नाही. छापील नमुना अर्जदाराला सगळा एकदम दिसतो. शेवटच्या पानावर हमीपत्र आहे, मध्येच गट क्रमांक विचारला आहे आणि सोबत चार कागद जोडायचे आहेत, हे पहिला शब्द लिहिण्याआधी कळते. तो घरी नेता येतो, जाणत्या माणसाकडून वाचून घेता येतो, आणि सही करण्यापूर्वी रात्रभर विचारही करता येतो. वेब अर्ज पायरीपायरीने उलगडतो. पहिले पान भरल्याखेरीज दुसऱ्या पानावर काय विचारणार आहेत ते दिसत नाही, आणि सर्व्हर, म्हणजे अर्ज स्वीकारणारा दूरचा संगणक, ठरावीक वेळ काही हालचाल न झाल्यास संपर्क तोडतो, की आधी लिहिलेले सारे जाते. रेशन कार्ड शोधायला उठलेल्या माणसाला ही शिक्षा कशासाठी? भरता येण्याजोगी पीडीएफ इंटरनेट नसताना उघडते, अर्धी भरून ठेवता येते, आणि पुढे वाद उद्भवला तर आपण काय लिहिले होते हे दाखवणारी प्रत अर्जदाराकडे राहते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता दिली आणि शासकीय कार्यालयांना अर्ज त्या रूपात घेण्याची मुभाही दिली. मात्र त्याच अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे, कार्यालयाने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज स्वीकारलाच पाहिजे असा आग्रह धरण्याचा हक्क नागरिकाला त्यातून मिळत नाही. ही सोय कार्यालय स्वतःच्या इच्छेने निवडते, म्हणून तिच्या प्रत्येक गैरसोयीचे उत्तरही कार्यालयानेच द्यायला हवे.

पुरस्कर्ता : सगळा अर्ज आधी वाचायला मिळावा आणि भरलेली प्रत हाती उरावी, या दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण त्या पुऱ्या करायला पीडीएफच लागते असे नाही. कोरा नमुना वाचण्यापुरता वेगळा ठेवता येतो, अर्धवट मसुदा जतन करण्याची सोय वेब अर्जातही देता येते, आणि सादर केल्यावर भरलेल्या अर्जाची पीडीएफ आपोआप तयार होऊ शकते. प्रत म्हणून पीडीएफ उत्तम आहे. माहिती गोळा करण्याचे साधन म्हणून ती तोकडी पडते. याचा दीर्घ अनुभव केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने घेतला आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या एमसीए-२१ या प्रणालीत कंपन्या वर्षानुवर्षे पीडीएफ अर्जांतून विवरणे देत होत्या : अर्ज उतरवायचा, संगणकावर भरायचा, त्यातील तपासणीची कळ दाबायची, डिजिटल स्वाक्षरी लावायची आणि फाइल चढवायची. आकडेमोड आणि तपासणी पोटात बाळगणाऱ्या अशा पीडीएफ अर्जांमागे बहुधा एक्सएफए नावाची रचना असते. ती अडोबीच्या स्वतःच्या रीडरबाहेर धड उघडत नाही, आणि पीडीएफच्या २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाने तिला कालबाह्य ठरवले. अखेर मंत्रालयाने मर्यादित दायित्व भागीदारी संस्थांचे अर्ज मार्च २०२२ मध्ये आणि कंपन्यांच्या अर्जांचा मोठा गट जानेवारी २०२३ मध्ये वेबवर नेला. एचटीएमएल ही वेबपानांची मूळ भाषा. तिच्या १९९५ सालच्या मानकात अर्जाचे जे साधे घटक नोंदले गेले, म्हणजे मजकुराचा रकाना, पर्यायांची यादी आणि सादर करण्याची कळ, ते आजच्या ब्राउझरमध्येही चालतात. दरम्यान फ्लॅश हे एकेकाळी सर्वत्र दिसणारे साधन २०२० च्या अखेरीस बंद झाले आणि इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये. शासकीय नमुना पिढी उलटली तरी बदलत नाही. त्याच्यासाठी साधन निवडताना ते कुणा एका कंपनीच्या मर्जीवर जगणारे नसावे, ही पहिली कसोटी.

साशंक : मानक टिकते म्हणून त्यावर उभारलेले संकेतस्थळ टिकते असे होत नाही. त्याच जानेवारी २०२३ च्या स्थलांतरात मंत्रालयाला अनेक अर्जांसाठी अतिरिक्त शुल्काविना मुदत वाढवून द्यावी लागली होती. त्याचे एक कारण साधनाच्या स्वभावातच आहे. पीडीएफ अर्जात बरीचशी तपासणी भरणाऱ्याच्या संगणकावर होते आणि इंटरनेट शेवटी फाइल चढवण्यापुरते लागते, तर वेब अर्जाला पानोपानी सर्व्हरशी बोलावे लागते, म्हणून अखेरच्या तारखेला सगळा भार एकाच ठिकाणी येऊन पडतो. आणि त्या प्रणालीचे वापरकर्ते कोण होते, तर कंपनी सचिव आणि सनदी लेखापाल, ज्यांचा दिवस संगणकासमोरच जातो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या आवारातील केंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला तोच निष्कर्ष लावणे धोक्याचे आहे.

पुरस्कर्ता : म्हणूनच निवड अर्जागणिक व्हावी, नव्हे, रकान्यागणिक व्हावी. प्रत्येक रकान्याला विचारावे की हे उत्तर कुठून यायचे आहे : अर्जदाराच्या स्मरणातून, त्याच्या कपाटातील कागदातून, की शेताच्या बांधावरून? ई-पीक पाहणीचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. सातबारा उताऱ्यातील बारा म्हणजे गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही. ती तलाठी भरत असे. २०२१ च्या खरिपापासून राज्यभर ती नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइल अ‍ॅपमधून करावी अशी व्यवस्था आली, ज्यात पिकाचे छायाचित्र आणि ते टिपले त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदीबरोबरच जातात. येथे अ‍ॅपची निवड सार्थ आहे, कारण कॅमेरा आणि स्थाननिश्चिती हे या अर्जाचे खरे रकाने आहेत, आणि अ‍ॅपची घडण नीट असेल तर शिवारात नेटवर्क नसताना टिपलेली माहिती फोनमध्ये थांबवून नंतर पाठवता येते. उत्पन्नाच्या दाखल्याला मात्र कॅमेराही लागत नाही आणि ठिकाणही. केवळ आधुनिक दिसावे म्हणून त्याचे अ‍ॅप करणे म्हणजे वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी लोकांच्या फोनमधील जागा अडवणे आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते अद्ययावत करण्याचा तगादा लावणे. तेथे साधा, हलका वेब अर्ज पुरतो.

साशंक : त्या उदाहरणात तंत्रज्ञानाखेरीज आणखी एक गोष्ट बदलली, तिचा उल्लेख व्हायला हवा. नोंद करण्याचे श्रम तलाठ्याकडून शेतकऱ्याकडे गेले. पूर्वी नोंद चुकली तर चूक तलाठ्याची होती. आता नोंद राहिली तर शेतकऱ्याने केली नाही असे म्हटले जाते, मग त्याच्याकडे स्मार्टफोन नसो, डोळ्यांना अक्षर दिसत नसो, की हंगामात तो ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेला असो. तलाठी बसल्या जागी पीक लिहीत असत ही जुनी तक्रार खोटी नव्हती, आणि स्वतःच्या शेतात काय पेरले हे स्वतः सांगण्याचा अधिकार मोलाचा आहे, हेही मान्य. तरी अ‍ॅप, वेब अर्ज आणि कागद यांतून निवड करताना कार्यालय कोणत्या कामातून स्वतःची सुटका करून घेते आहे, हे त्याच बैठकीत बोलले जायला हवे. २०२४ च्या जुलैत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा पहिल्यांदा नारीशक्ती दूत हे अ‍ॅप पुढे आले, नंतर वेगळे संकेतस्थळ आले, आणि तरीही असंख्य अर्ज कागदावर भरले गेले आणि अंगणवाडी सेविकांनी ते एकेक करून चढवले. म्हणजे रचनाकाराने ज्या अर्जदार स्त्रीला डोळ्यांपुढे ठेवले होते, तिच्या जागी प्रत्यक्षात अंगणवाडी सेविका बसली होती, आणि ती दिवसाला एक अर्ज भरत नव्हती.

पुरस्कर्ता : मध्यस्थ हाच पुष्कळदा खरा वापरकर्ता असतो, हे निरीक्षण मोलाचे आहे आणि ते रचनेत उतरवता येते. आपले सरकार सेवा केंद्रातील चालकाला माऊसपेक्षा कळफलकावरून झपाट्याने पुढे जाता यावे, एका कुटुंबाचा पत्ता दुसऱ्या अर्जात पुन्हा टंकित करावा लागू नये, आणि केंद्रात भरलेला अर्ज सादर होण्यापूर्वी अर्जदाराला मराठीत वाचून दाखवता यावा, इतके केले तरी मोठा फरक पडेल. पण खरा उपाय त्याच्याही अलीकडचा आहे, आणि तो म्हणजे अर्जच कमी करणे. याच राज्यात दोन वर्षांच्या अंतराने त्याची दोन रूपे दिसली. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांना केंद्रांवर जाऊन ऑनलाइन अर्ज भरावे लागले, आणि कर्जाची माहिती बँकांकडे असतानाही ती शेतकऱ्यांकडून पुन्हा मागवली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्ज ठेवलाच नाही. बँकांनी कर्जखात्यांची माहिती दिली, याद्या प्रसिद्ध झाल्या, आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य असल्याचे सांगायचे, एवढेच उरले. कोणते तंत्रज्ञान घ्यावे याच्या आधी हा रकाना विचारण्याचा कार्यालयाला अधिकार तरी काय, हे विचारले तर निम्मे नमुने गळून पडतील. जे शासनाला आधीच ठाऊक आहे ते नागरिकाकडून पुन्हा लिहून घेणे हा त्याच्या वेळेचा अपव्यय आहे, आणि कागदाचे पडद्यावर रूपांतर करण्याची वेळ हीच तो थांबवण्याची संधी असते.

साशंक : अर्ज गेला की अर्जाची कटकट जाते, पण त्याबरोबर नागरिकाने आपले म्हणणे मांडण्याची जागाही जाते. याद्यांवरून चालणाऱ्या योजनेत ज्याचे नाव यादीत आहे त्याला काही भरावे लागत नाही, हे खरेच मोठे सुख आहे. रक्कम चुकली असेल तर जिल्हास्तरीय समितीकडे तक्रार नोंदवण्याची सोयही २०१९ च्या योजनेत होती. पण ज्याचे नाव यादीतच नाही त्याने सुरुवात कुठून करायची? अर्ज असता तर निदान तो नाकारला गेला असता. आणि याद्या एकमेकींशी जुळवायच्या म्हणजे नावे जुळवायची. सातबाऱ्यावर नाव देवनागरीत, बँकेत रोमन लिपीत, आधारवर दोन्हींत; ज्ञानेश्वर हे नाव रोमनमध्ये एका ठिकाणी डी-पासून सुरू होते तर दुसऱ्या ठिकाणी जी-पासून. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, कधी पहिले नावही बदललेले असते. त्यात जुन्या कार्यालयांतील मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकित केलेला. तेथे पडद्यावर दिसणाऱ्या मराठी अक्षराच्या पोटी भलत्याच इंग्रजी अक्षराचा संकेत साठवलेला असतो, म्हणून तो मजकूर माणसाला वाचता येतो पण यंत्राला शोधता येत नाही. या सगळ्या विसंगती कागदी अर्जावर समासात एका ओळीने मिटत : वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, आणि खाली सही. यंत्राच्या अर्जाला समास नसतो.

येथे वादाचे स्थान बदलले आहे, याची नोंद घ्यायला हवी. पीडीएफ, वेब की अ‍ॅप हा प्रश्न मागे पडून अर्जाची तपासणी कोण करतो आणि केव्हा करतो, हा प्रश्न पुढे आला आहे, आणि प्रस्तुत विषयाचा गाभा तोच आहे. ऑनलाइन अर्जातील तपासणी दोन प्रकारची असते. पहिली घडणीची : पिन कोडला सहा अंक असावेत, जन्मतारीख भविष्यातील नसावी. दुसरी सत्याची : हे उत्पन्न खरे आहे का, ही व्यक्ती या गावात राहते का. यंत्र पहिली तपासणी क्षणार्धात करते आणि दुसरी जवळजवळ करूच शकत नाही. तथापि पहिलीत अडकलेला अर्ज दुसरीपर्यंत पोचत नाही, आणि पहिलीचे नियम लिहिताना कुणीतरी गृहीत धरलेले असते की प्रत्येक माणसाला जन्मतारीख ठाऊक असते, प्रत्येक घराला क्रमांक असतो आणि प्रत्येक व्यक्तीचे नाव तीन शब्दांचे असते.

पुरस्कर्ता : समास यंत्रातही देता येतो, आणि त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. घडणीच्या तपासणीत दोन पातळ्या ठेवाव्यात : ज्या चुकीमुळे अर्ज पुढे जाऊच शकत नाही ती अडवणारी, आणि बाकी सगळ्या केवळ सावध करणाऱ्या, ज्यांच्यापुढे अर्जदाराला कारण लिहून पुढे जाता यावे. २०१५ मध्ये राज्य शासनाने अनेक दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल असे ठरवले, म्हणजे नागरिकाच्या शब्दावर आधी विश्वास ठेवण्याचे तत्त्व शासनाने स्वीकारलेलेच आहे. तेच तत्त्व रकान्यापर्यंत न्यायचे. दृष्टिहीनांच्या बाबतीत तर वेब अर्जाला कागदाची बरोबरी करायची नसून त्याच्या पुढे जायचे आहे. रकान्यांची नावे नीट दिलेला वेब अर्ज स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली, रकान्यागणिक वाचून दाखवते, आणि ज्याला आजवर अर्ज दुसऱ्याकडूनच भरून घ्यावा लागे तो माणूस आपला अर्ज आपण भरतो. छायाचित्ररूपी पीडीएफ त्या प्रणालीपुढे मुकी असते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. प्रकरण होते ते ओळख पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याच्या अटीचे, जी अट अंध व्यक्तींना आणि आम्लहल्ल्यातून वाचलेल्यांना पाळता येत नव्हती. ती अट हा अडवणाऱ्या तपासणीचाच नमुना होता, आणि ती कुणीतरी लिहिली होती, म्हणून ती बदलताही येते.

साशंक : बदलता येते, पण कुणाला आणि कुणापुढे मागणी करून? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की पोच आणि विशिष्ट क्रमांक मिळाला पाहिजे. पदनिर्देशित अधिकाऱ्याने, म्हणजे त्या सेवेसाठी नेमून दिलेल्या अधिकाऱ्याने, ठरलेल्या मुदतीत सेवा दिली पाहिजे किंवा कारणे लेखी नोंदवून अर्ज फेटाळला पाहिजे. फेटाळला तर अपील आहे, त्यावर दुसरे अपील आहे, पुढे आयोग आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती आहे. ही सारी साखळी अर्ज दाखल होण्यापासून सुरू होते, आणि मुदत मोजायची ती सर्व बाबतीत परिपूर्ण अर्ज मिळाल्याच्या दिवसापासून. कागदाच्या काळात अपुरा अर्जही आवक शिक्का घेऊन आत जात असे. त्यावर त्रुटीचे पत्र निघे, आणि ते पत्र अपिलात दाखवता येई. वेब अर्जात लाल अक्षरांत सूचना उमटते आणि सादर करण्याची कळ दाबली जात नाही. क्रमांक नाही, तारीख नाही, कारण नाही, फेटाळणारा अधिकारी नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या माणसाने अर्ज केलेलाच नसतो. कार्यालयाच्या आढाव्यात मात्र प्राप्त अर्ज आणि निकाली अर्ज यांचे प्रमाण उत्तम दिसते, कारण अवघड माणसे दारातच गळलेली असतात.

पुरस्कर्ता : हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर पीडीएफकडे परत जाण्यात नाही, कारण पीडीएफमधील तपासणीची कळही अशीच मुकाट अडवते. उत्तर असे असू शकते की सादर करण्याचा प्रत्येक प्रयत्न हीच नोंद मानावी : अपुऱ्या अर्जालाही क्रमांक मिळावा, कोणत्या नियमाने तो अडला ते त्याच क्रमांकाखाली साठवले जावे, आणि त्याची प्रत अर्जदाराला द्यावी. यंत्राला हे काहीच जड नाही. कागदाला जे कधी जमले नाही, म्हणजे नेमक्या कोणत्या रकान्यात किती माणसे अडली हे सांगणे, ते यंत्र सहज करील, आणि नियम कुठे चुकला आहे हे महिनाभरात उघड होईल.

साशंक : मग अपुऱ्या अर्जांचा ढीग साचेल आणि त्यांतील खोटे, दुबार, अर्ध्यावर सोडलेले अर्ज कोण निवडील? ते टाळण्यासाठीच तर कार्यालयाला ऑनलाइन अर्ज हवा होता. आणि परिपूर्ण अर्जापासून मुदत, ही अट कायम राहिली तर त्या क्रमांकाचा उपयोग काय, कारण त्याच्यापुढे घड्याळ चालणारच नाही.

पुरस्कर्ता : उपयोग अपिलापुरता तरी आहे. यंत्राने अडवणे हेही फेटाळणेच मानले, तर लेखी कारण तयार असते. अर्जदार ते घेऊन वरिष्ठांकडे जाऊ शकतो. फेटाळण्याची जबाबदारी पदनिर्देशित अधिकाऱ्याचीच, कारण तपासणीचे नियम त्याच्या सेवेसाठी लिहिले गेले आहेत.

साशंक : पण ते नियम त्याने लिहिलेले नाहीत. ते मंत्रालयातील विभागाने मंजूर केलेले, कंत्राटदार कंपनीने बसवलेले असतात, आणि तहसीलदाराला आपल्या पडद्यावरील एक रकाना ऐच्छिक करण्याचाही अधिकार नसतो. जो अर्ज त्याने पाहिलाच नाही तो फेटाळल्याबद्दल त्याला शास्ती करणे न्यायाचे ठरेल का, आणि त्याला नाही तर ती कुणाला करायची? अडवणूक यंत्राची असेल तेव्हा पहिले अपील तालुक्यात ऐकले जावे की जेथे रकाना अनिवार्य ठरला त्या विभागात, हे त्या अधिनियमात लिहिलेले नाही, आणि साधन निवडण्याच्या निविदेतही ते कुणी विचारत नाही.